पडलेला टेपरेकॉर्डर आणि ताईचं बाळ

मंडळाच्या फलकापाशी थांबून वाचणाऱ्या सर्वांना नमस्कार. आज दुपारचीच गोष्ट आहे.

अमरावतीहून ताईची कॅसेट आली. आईला वाचता येत नाही, म्हणून ताई पत्राऐवजी कॅसेट पाठवते. या वेळी तिने आपल्या तान्ह्या बाळाचा आवाज भरला होता. आईने अजून त्याला पाहिलेलं नाही. ती घाईने टेपरेकॉर्डर काढायला गेली आणि तो कपाटावरून फरशीवर पडला. बटण दाबलं, तर सुरूच होईना.

"गेला का रे तो?" आईने हळूच विचारलं.

मी वर्तमानपत्र पसरलं. स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडले. सेलची एक तार सुटली होती, ती जोडली. टेप सुरू झाला, पण आतला रबरी पट्टा घसरत असल्यामुळे फार हळू. बाळाचं रडणं एखाद्या म्हाताऱ्यासारखं जाड निघालं.

मी बंद करायला गेलो, तर आईने हात धरला. "राहू दे. तुह्या बाबावरच गेला आहे. नाइट शिफ्टहून आले की असेच घोरतात."

"अगं, तो खरा आवाज नाही. पट्टा..."

"तू कावून घाबरून राहिला? मले समजते."

तिने टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला आणि थोपटू लागली. "उगी, उगी." थोड्या वेळाने बाळ खरंच शांत झालं. जणू आईनेच झोपवलं.

पावर हाउसच्या बाजारात असा पट्टा कुठे मिळतो, हे कोणाला माहीत असल्यास खाली लिहावं. फार घाई नाही. आई तीच कॅसेट पुन्हा लावून बसली आहे.