फेब्रुवारीतले ब्रेक

चार लोकांनी वाचावं असं लिहिण्याइतका मी मोठा झालेलो नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला सगळं येतं असा घरच्यांचा समज होता. खालची हकीकत त्या समजाची आहे. (आता तो राहिलेला नाही.)

मी धुळ्याला वसतिगृहात राहतो. डिसेंबरात आमच्या कॉलेजात बाहेरून एक सर आले आणि नव्या वर्षाची वैयक्तिक ध्येयं कशी ठरवायची यावर दुपारभर बोलले. मोठ्या ध्येयाचे तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेका महिन्यात घालायचा, आणि आत्मविश्वास येईपर्यंत थांबण्याचा विचारसुद्धा मनात आणायचा नाही. मागची मुलं मोबाइल बघत होती. मी पहिल्या बाकावर बसून मान हलवत होतो. माझं ध्येय मी तिथेच ठरवलं: रोज पहाटे पाचला उठायचं.

पण एकट्यानंच सुधारायचं, हे मला बरं वाटेना. आमचं गाव पारोळ्याच्या बाजूला. एकतीस डिसेंबरला सगळं गाव शेतात जाऊन भरीत करतं, तसे आम्हीही गेलो. नाना, म्हणजे माझे वडील, कपाशीच्या काड्या पेटवत होते. माय वांग्यांना तेल लावत होती. मी घसा साफ केला.

"नाना, तुमचं नव्या वर्षाचं ध्येय काय?"

"कांदाले भाव भेटो."

"ते वैयक्तिक नाही, नाना."

"मंग कांदा काय शेजारना शे?"

नाना शेती सांभाळून लोडिंग रिक्षा चालवतात आणि अशा वेळी फार बोलत नाहीत. मी मायकडे वळलो.

"तू साहेब व्हय," माय म्हणाली.

"ते माझं झालं. तुझं सांग."

तिनं वांगं उलटलं. पुन्हा उलटलं. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलेलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

"माले गाडी शिकनी शे."

नानांच्या हातातली काडी तशीच राहिली.

कारण सरळ होतं. मायची मोठी बहीण, अक्का, पलीकडच्याच गावात राहते. शेतातून सरळ रस्ता जातो. पण एसटी पारोळ्याला वळसा घालून जाते, आणि नाना "येत्या रविवारी नेतो" म्हणतात. तो रविवार माझ्या जन्माच्या आधीपासून येतो आहे. बहिणीला भेटायला कुणाचं तोंड बघावं लागू नये, एवढंच मायला हवं होतं. माझी अकरावीतली जुनी स्कूटी दारात गोणपाटाखाली उभीच होती.

"पडशी," नाना म्हणाले.

"पडसू ते पडसू."

मी त्याच रात्री योजना केली आणि खताच्या दुकानाच्या कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावली. जानेवारी: बसणे, तोल सांभाळणे, गाडी सरळ नेणे. फेब्रुवारी: ब्रेक. मार्च: वळणे. (सरांनी थांबण्याचा विचार मनात आणू नका असं सांगितलं होतं, म्हणून ब्रेक पुढे ढकलले. मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. अजूनही कागदावर ती योजना चांगलीच दिसते.)

मायनं विचारलं होतं, "तवलोंग गाडी थांबी कशी?"

"मी आहे ना मागे."

म्हणजे जानेवारीत ब्रेक मी होतो. दर रविवारी मी धुळ्याहून यायचो, शाळेमागच्या रस्त्यावर माय गाडी चालवायची आणि मी मागची दांडी धरून पळायचो. पुरे झालं की मागे ओढायचो. माय सरळ फार सुरेख न्यायची. तिच्या तोंडावर असं हसू मी आधी पाहिलं नव्हतं. त्या हसण्यामुळे मी जास्तच पळायचो.

मग तो रविवार आला. रस्ता जिथे संपतो तिथे गावचं मैदान आहे, आणि त्या दिवशी तिथे क्रिकेटची स्पर्धा होती. आम्ही अलीकडेच थांबणार होतो. पण माझ्या चपलेचा अंगठा तुटला. दांडी हातातून सुटली आणि मी रस्त्यावर बसलो.

घाबरलेला माणूस हाताशी असेल ते घट्ट धरतो. मायच्या हाताशी ॲक्सिलेटर होता.

मैदानावर माइक बंटीकडे होता. त्याचं गावात मोबाइलचं दुकान आहे आणि बोलायला त्याला कारण लागत नाही. आधी मला फक्त त्याचा आवाज ऐकू आला. "पुढचा चेंडू टाकण्यासाठी गोलंदाज तयार... आणि मंडळी, मैदानात सुमनकाकूंचं आगमन! काकू सरळ पिचवर येत आहेत. फलंदाज पळाला. धाव नाही, तो घरीच चालला आहे."

मी एका चपलेनं मागून धावत होतो. मायनं मान न वळवता ओरडून विचारलं,

"भूषण, ब्रेक कोठे शे?"

आणि मी, कॉलेजात शिकणारा मुलगा, ओरडून सांगितलं, "माय, ते फेब्रुवारीत आहेत!"

हे माइकवर गेलं. बंटीनं ते पुन्हा एकदा सांगितलं, ज्यांना ऐकू आलं नसेल त्यांच्यासाठी.

"काकू, वळवा," पंच ओरडले. पण वळणं मार्चमध्ये होती. माय सरळच गेली. (सरळ मात्र अगदी रेघेसारखी. तेवढं श्रेय मी घेतो.) समोर मंडप होता. पहिल्या रांगेत नाना चहा पीत होते. गाडी कनातीत शिरली, कनात नानांवर आली, गाडी आडवी झाली आणि माय प्रमुख पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सोफ्यावर जाऊन बसली. खरचटलंसुद्धा नाही.

"प्रमुख पाहुण्या स्थानापन्न झाल्या आहेत," बंटी म्हणाला.

कनातीखालून नाना बाहेर आले. सदऱ्यावर चहा होता. त्यांनी गाडीची चावी काढून खिशात टाकली.

"बस. वरीसनं ध्येय पुरं झायं."

घरी आल्यावर माय एवढंच म्हणाली, "तुन्हा सरले इचार, त्यासनी माय कोणी शिकाडी?" मग ती बाहेर गेली आणि स्कूटीवर गोणपाट तिनं स्वतःच्या हातानं टाकलं. नानांच्या बोलण्यापेक्षा मला ते जास्त लागलं. संध्याकाळच्या एसटीनं मी धुळ्याला परतलो. भरल्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, "सुमनकाकूंचा पोऱ्या का?"

त्यानंतर मी रोज फोन करायचो. माय भाजी सांगायची, थंडी सांगायची. मी भीत भीत विचारायचो, "आणि गाडी?"

"उभी शे."

पुढे विचारायची माझी हिंमत व्हायची नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं का, हेही मी विचारलं नाही.

फेब्रुवारी संपत आला असताना एका सकाळी फोन वाजला. अक्कामावशी होती.

"भूषण, तुन्ही माय ऊनी. एकली. गाडीवर."

माय एकटी गाडी चालवत मावशीच्या दारात आली होती! मी अंथरुणात उठून बसलो. मावशी बोलत राहिली. चहाच्या टपरीवर रोज कुणीतरी विचारायचं, "नाना, काकू मैदानात परत कधी?" शेवटी वैतागून, एकदाची नीट शिक म्हणत नानांनी चावी काढून मायच्या हातात ठेवली. शिकवलं बंटीच्या बायकोनं. ती धुळ्याची, माहेरी गाडी चालवायची. इथे लग्न होऊन आल्यापासून तिला कुणी गाडीचं विचारलंच नव्हतं. तिनं म्हणे पहिल्या दिवशी फक्त ब्रेक शिकवले.

एवढ्यात मायनं फोन ओढून घेतला. मागे बहीण हसत होती, कप वाजत होते.

"फेब्रुवारीमाच शिकनू बरं," ती म्हणाली. "तुन्हं कॅलेंडर खोटं नही पडू दिधं."

मी काहीतरी चांगलं बोलणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "तू उठना का पाचले?"

"हो, केव्हाच."

शेजारच्या खाटेवरून माझा मित्र पांघरुणातूनच ओरडला, "अरे, नऊ वाजले, तो फोन तरी बाहेर जाऊन बोल."

ते मायला ऐकू गेलं.

"राहू दे," माय म्हणाली. "तुन्हं उठनं मार्चमा टाक."