खांबापाशी थांबलेली म्हैस

दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात, हे मला कोल्हापुरात येईपर्यंत ठाऊकच नव्हतं. आमच्या भंडाऱ्याकडं म्हैस म्हणजे बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या पाण्यात डुंबणारी, शंभरदा हाकललं तर एकदा उठणारी. इथं गवळी लोक तिची शिंगं रंगवतात, शिंगांना मोरपिसं बांधतात, अंगावरचे केस कातरून नक्षी काढतात. गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात चाळ. पुढं सायलेन्सर काढलेली मोटरसायकल फटफटत जाते आणि मालकाच्या नुसत्या हाकेवर ती एवढी थोरली म्हैस मागनं धावत सुटते. हातात काठी नाही, दावं नाही. त्या दिवशी मालकानं दाव्याला हात लावला की संपलं. गल्ली वर्षभर ऐकवते, "ह्येची म्हस शब्दावर न्हाय, दोरीवर चालती."

ज्यांच्या घरात मी राहते त्या आक्का गवळ्याच्याच. नवऱ्याला इथल्या फाउंड्रीत काम लागलं म्हणून आम्ही दोघं एक पेटी घेऊन आलो, तेव्हा खोली मिळेना. "कुठलं गाव तुमचं? लई लांब की वो!" म्हणायचे आणि दार लोटून घ्यायचे. आक्कांनी गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. "जेवलासा का?" एवढंच विचारलं आणि गोठ्यावरची खोली उघडून दिली. त्या एका प्रश्नाचं ऋण माझ्याकडून अजून फिटलेलं नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली, तेव्हापासून येतं ते एकच, भाकरी थापणं. सकाळी मी एका खानावळीत भाकऱ्या करते आणि दुपारी येताना फुटक्या, करपलेल्या भाकऱ्या आक्कांच्या म्हशीला आणते. जिन्यावर माझं पाऊल वाजलं की ती मान वर करते.

आता माझ्या भीतीचं सांगते, कारण गल्लीत माझी ओळख तिच्यावरूनच होती. माहेरी असताना शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या विजेच्या खांबाच्या ताणतारेत करंट उतरला होता. पाऊस पडून गेलेला. आमच्या शेजाऱ्याची बैलजोडी तिथून चालली होती. पहिला बैल काही कळायच्या आत आडवा झाला. दुसऱ्यानं पुढचा पाय टेकवला, झटक्यानं उचलला, परत टेकवला. बाबांनी आम्हाला सगळ्यांना लांब धरून ठेवलं. म्हणाले, "जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असते. जमिनीतला करंट त्याले पयले धरते." त्या दुसऱ्या बैलाचा पाय मी आजही विसरलेले नाही. तेव्हापासून ओल्या जमिनीत उभा लोखंडी खांब दिसला की मी लांबूनच वळसा घालते.

आणि आमच्या गल्लीच्या तोंडाला नेमका तसाच खांब. रस्त्यावरच्या दिव्याचा. खालच्या पेटीचं झाकण कधीचं गेलेलं, आतल्या वायरी बाहेर लोंबणाऱ्या. बाजूलाच नळ. गल्लीची मोकळी जागा तेवढीच, म्हणून म्हशी धुणं, सजवणं सगळं तिथंच. पावसाळ्यात एकदा खांबाच्या टोकाला ठिणग्या उडताना दिसल्या, तर मी ओरडत सगळी गल्ली बाहेर काढली. वायरमननं येऊन सैल झालेली जोडणी आवळली आणि पाच मिनिटांत गेला. झालं, गल्लीला विषय मिळाला. आक्कांचा पुतण्या त्यात सगळ्यात पुढं. मी वळसा घालून चालले की मोटरसायकल थांबवून म्हणायचा, "वैनी, सांभाळून! खांब बघायलाय तुमच्याकडं!"

आक्कांचे यजमान वारल्यापासून त्यांची म्हैस पाडव्याला बाहेर पडली नव्हती. पाडवा आला की त्या गोठ्याचं दार लावून आत बसायच्या. यंदा वसुबारसेलाच त्यांनी जाहीर केलं, "औंदा म्हस काढायची. मीच काढणार."

गल्लीतला एक म्हातारा गवळी कट्ट्यावरून म्हणाला, "बाईमाणूस म्हस पळवणार व्हय आता?"

"का वो?" आक्का म्हणाल्या. "म्हस काय तुमच्या मिशा बघून पळती?"

कट्टा खो खो हसला, पण मला ठाऊक होतं, आक्का हसल्या नव्हत्या. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या अंगणात म्हशीला हाक मारून बघायच्या. ती यायची. परत पाठवायच्या, परत हाक. माझ्याकडं वळून म्हणायच्या, "येती का न्हाय शब्दावर?" मी म्हणायची, येते की.

पाडव्याच्या सकाळी मी चहाही न घेता गोठ्यात उतरले, एवढी घाई झाली होती मला. खानावळीतून सुट्टी घेतली होती. नळावर गर्दी म्हणून म्हैस नदीवरून धुऊन आणली, मी तिच्या अंगाला तेल लावलं, ती काळ्या आरशासारखी चमकायला लागली. आक्कांनी स्वतः तिच्या गळ्यात कवड्यांची माळ घातली आणि क्षणभर कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं. बाहेर हलगी कडाडत होती. गल्लीत म्हशीच म्हशी, मोरपिसंच मोरपिसं, मोटरसायकलींचा धूर, पोरं कट्ट्यावर, बायका गच्च्यांवर. नळ सकाळपासून बंद झालाच नव्हता, खांबाच्या बुडाशी मोठं डबकं साचलं होतं. गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी आदल्या दिवशी खांबाला वरपासून खालपर्यंत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या, त्या निघायच्या वेळेला चालू केल्या आणि दिवसाउजेडीही त्या लुकलुकत होत्या. छान दिसत होतं सगळं. खरं सांगते, त्या सकाळी खांबाची आठवणही मला झाली नाही.

एकेक म्हैस नळाच्या पलीकडच्या अंगानं निघून गेली. मग तिकडं मोटरसायकलींचीच दाटी झाली आणि आक्कांच्या वाट्याला खांबाकडची बाजू आली. आक्का कडेच्या कोरड्या कट्ट्यावरून पुढं गेल्या, डबक्याच्या पलीकडं उभ्या राहिल्या, वळल्या आणि हाक मारली, "ये गं बाय, ये!"

म्हैस डौलात निघाली. मागं आरतीचं ताट घेऊन मी. डबक्याच्या काठाला तिनं पुढचा पाय पाण्यात टेकवला आणि झटक्यानं उचलला.

चाळ छन्नकन वाजले. ती फुरफुरली. खांद्यावरची कातडी थरथरायला लागली.

"आक्का, म्हस लाजली!" कुणीतरी ओरडलं.

"नवी नवरी हाय, उंबरा वलांडंना!"

"दावं घ्या की हातात!" हा कट्ट्यावरचा म्हातारा.

आक्कांच्या तोंडावरचा रंग उतरला. त्यांनी परत हाक मारली, आता जोरात. आणि ती गुणी म्हैस, शब्दावर चालणारी, तिनं पाय परत पाण्यात टेकवला. गुडघा दुमडला. तिनं पाय ओढून घेतला आणि आक्कांकडं बघत राहिली.

माझी नजर डबक्यावरून खांबाकडं गेली. मी म्हणाले, "आक्का, खांब..." पण आवाज ओठांच्या बाहेर आला नाही.

मोटरसायकलवर बसलेल्या पुतण्यानं मात्र माझं तोंड बघितलं. "झालं! वैनीला खांब दिसला!" अख्खी गल्ली हसली. तेवढ्यात आक्कांनी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं. पूजा करून निघालेल्या, पायात चप्पल नाही. म्हशीला हाताशी घ्यायला त्या सरळ डबक्याकडं निघाल्या.

मग मी ओरडले. कोल्हापूरचं बोलणं कुठल्या कुठं गेलं, तोंडातून माहेरच निघालं, "जाऊ नोको वं माय! पाण्यात पाय देऊ नोको! करंट हाये!"

आक्का थबकल्या. करंटमुळं नाही, माझ्या आवाजामुळं. इतके दिवस त्यांच्या घरात राहिले, पण मला एवढा आवाज आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

ताट खाली ठेवलं आणि रोज भाकरी देताना घालते तशी मी म्हशीला साद घातली. "हो हो हो, ये!" तिचे कान मागं वळले. पुढं आक्का, मागं मी.

"ए पोरी!" आक्का कडाडल्या. "म्हशीला माघारी वडू नगंस! सगळी बघाय लागल्यात!"

मला कळत होतं मी काय करतेय. ज्या बाईनं मला छप्पर दिलं तिची म्हैस मी सगळ्या गल्लीदेखत तिच्या शब्दापासून फोडत होते. तरी मी परत साद घातली. म्हैस गर्रकन वळली, धावत माझ्याकडं आली, ताटावर पाय पडला, निरंजन गडगडत गटारात. गल्लीनं एकच हुर्यो उडवली.

"आक्काची म्हस भाडेकरणीच्या शब्दावर!"

आक्का माझ्याकडं जशा बघत होत्या त्यावरून मला वाटलं, संध्याकाळी पेटी भरावी लागणार. मी म्हशीच्या मानेला मिठी मारून उभी राहिले आणि म्हणाले, "शिव्या द्या, आक्का. घरातून काढा. पण त्या पाण्यात पाय घालू नका."

पुतण्या गाडीवरून उतरला. "थांबा हो, वैनीचं समाधान करतो एकदाचं." गाडीच्या डिक्कीतून टेस्टर काढला. मी ओरडले, "कट्ट्यावरून जा, कोरड्यावरून!" "व्हय व्हय," म्हणत तो हसत हसतच कट्ट्यावर चढला, हात लांबवून टेस्टर खांबाला लावला आणि उन्हात टेस्टरचा दिवा दिसावा म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा केला.

त्याचं हसू तिथंच राहिलं.

"आयला," तो हळूच म्हणाला. मग मोठ्यानं, "पेटतोय की रं! मागं व्हा! सगळी मागं व्हा!"

हलगी थांबली. मग जी धांदल उडाली! पोरांना ओढून मागं घेतलं, गाड्या हटवल्या, दोन्हीकडं दोऱ्या धरल्या, ज्यानं त्यानं ज्याला त्याला हाका. नळ बंद करायला कुणी निघालं तर चौघांनी त्याला धरलं. पुतण्याचा फोनवर आवाज चिरकत होता, "लगीच या, साहेब, म्हशी हायत, माणसं हायत!"

वायरमन आला तो आधी गल्लीच्या टोकाच्या पेटीकडं गेला आणि फ्यूज काढला. माळा विझल्या. मग हातमोजे घालून शिडीवर चढला, वरून खालपर्यंत बघितलं आणि बांधायची एक उघडी तार पकडीनं तोडून आम्हाला दाखवली. पोरांनी माळा त्या तारेनं करकचून आवळल्या होत्या. तार माळेच्या वायरीत रुतून बसली होती. करंट तारेतून खांबात, खांबातून पाण्यात. तालमीची पोरं खाली मान घालून उभी होती. दरवर्षी तशाच बांधत आले होते, कोण काय बोलणार?

आक्कांनी विचारलं, "मी पाय घाटला असता तर?"

वायरमन तार गुंडाळत राहिला. "त्ये इचारू नगा, आक्का."

आक्का कट्ट्यावर बसल्या. मी जवळ गेले तर त्यांनी माझा हात घट्ट धरला, इतका की बांगडी रुतली.

तेवढ्यात चौकातून शिट्ट्या ऐकू आल्या. पुढच्या म्हशी पळायला लागल्या होत्या. आक्का उठल्या. पदर खोचला आणि म्हशीला हाक मारली. म्हशीनं चारी पाय रोवले. करंट गेला हे तिला कोण सांगणार? वायरमन स्वतः डबक्यातून दोनदा इकडून तिकडं चालून दाखवून गेला, पण म्हैस काय वायरमनला ओळखते? परत हाक. ती हलेना. आता मात्र कुणी "दावं घ्या" म्हणालं नाही. कट्ट्यावरचा म्हातारासुद्धा नाही.

"तू हाक मार," आक्का मला म्हणाल्या.

"मी? म्हैस तुमची आहे, आक्का."

"तुझं ऐकलं म्हणून ती वाचली. मी बी. मार हाक."

हाक मारायची तर डबक्यापलीकडं जायला हवं होतं. कट्ट्यावरून जाता आलं असतं, पण मग म्हशीनं पाण्यात का यावं? फ्यूज काढलेला मी डोळ्यांनी बघितला होता, तरी पाय उचलेना. आक्कांनी हात सोडला नव्हता. "चल," म्हणाल्या, आणि आम्ही दोघींनी मिळून पाण्यात पाय घातला. थंडगार पाणी. नुसतं पाणी! मला एकदम हसूच फुटलं. पलीकडं जाऊन आम्ही वळलो आणि दोघींनी एकाच वेळी साद घातली, त्यांची "ये गं बाय" आणि माझी "हो हो हो", सगळी खिचडी.

म्हशीनं पाय टेकवला. थांबली. दुसरा टेकवला. नाक खाली नेऊन पाणी हुंगलं.

मग जी निघाली! पाणी उडवत, चाळ वाजवत, मोरपिसं डोलवत. पुतण्यानं गाडीला किक मारली, हलगी परत कडाडली, आणि आम्ही दोघी गाडीच्या मागं पळत सुटलो. मी पळणार असं काही ठरलं नव्हतं. पण आक्कांनी माझा हात सोडलाच नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, शिट्ट्या, टाळ्या, कुणी ओरडतंय "बाई हाय रं, बाई पळवतीया म्हस!", आणि पाठीवर म्हशीचा गरम श्वास.

"एवढा घसा हाय तुला," पळता पळता, धापा टाकत आक्का ओरडल्या, "आन् वरीसभर कुजबुजत हुतीस व्हय!"

मी पळता पळता नुसती हसले.

"आन् आता का गप? मार की हाक! गाडी फुडं गेली!"

मी मान मागं वळवली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हशीला साद घातली.