मामींच्या पापडपैजा

मोताळ्यात आमच्या गल्लीत कोण कधी मरणार हे मामींना आधी कळायचं. घाबरू नका, गल्लीतलं नव्हे, टीव्हीवरलं. मामी म्हणजे पिठाच्या चक्कीच्या मालकीण. त्यांच्या चक्कीमागच्या खोलीत मी बँकेच्या नोकरीनिमित्त काही वर्षं भाड्यानं राहिले. मूळची मी धाडची, म्हणजे फार लांबची नव्हे, तरी पहिल्याच दिवशी त्यांनी माझी बोली ऐकून "मराठवाड्याच्या काठावरची हाये" असा निकाल दिला आणि मग मला कायमचं आपल्या ताब्यात घेतलं.

तेव्हा एका इनामदार घराण्याच्या भाऊबंदकीची मालिका सगळा तालुका बघत होता. तिचं शेवटचं पर्व लागलं आणि लिहिणाऱ्याला बहुधा माणसं आवरती घ्यायची घाई झाली. दर आठवड्याला एकजण जायचा. चक्कीवर गव्हा-ज्वारीचे डबे रांगेत लावून बसलेल्या बायका या हप्त्यात कोणाची पाळी, यावर बोलायच्या. बोलता बोलता पैजा लागल्या. पैशांच्या नाही, ते मामींना चालत नव्हतं. "पैसा लावला त जुगार होते, पापड लावले त शेजार होते," असं त्या म्हणायच्या. ज्यांचा अंदाज चुकेल त्यांनी उन्हाळ्यात जिंकणारीच्या घरी जाऊन पापड लाटून द्यायचे. एका मरणाला एक सकाळ, असा भाव ठरला होता.

मामी कधी चुकत नसत. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून त्या नाव घ्यायच्या आणि शनिवारपर्यंत त्या माणसाच्या फोटोला हार. एकदा त्यांनी धाकट्या जावेचं नाव घेतलं. अंगणवाडीतल्या कुसुमताईंना ते पटेना, कारण ती जाऊ तर नुकतीच सुधारली होती, सासूच्या पाया पडली होती. मामी म्हणाल्या, म्हणूनच. गुरुवारी जावेची गाडी दरीत गेली आणि कुसुमताईंची एक सकाळ मामींच्या अंगणात जमा झाली.

त्यांचं शास्त्र फार सोपं होतं आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. ज्याच्या ताटात अचानक आवडीचं वाढलं गेलं, तो गेला. ज्यानं वैऱ्याला माफ केलं, तोही गेला. आणि खिडकीबाहेर बघत आता सगळं नीट होईल असं जो म्हणाला, त्याच्यासाठी तर शनिवारचीसुद्धा वाट बघायची गरज नाही. या सगळ्याचं सार त्यांनी मला एकदा पट्टा घसरला म्हणून चक्की बंद असताना सांगितलं होतं. "पोरी, माणूस उगाच गोड बोलायले लागला का समज, लिहिणाऱ्यानं त्याच्या नावावर काट मारली."

आम्ही हसायचो. पण मामी हे शास्त्र घरातही पाळत हे मला हळूहळू दिसायला लागलं. मामा म्हणजे त्यांचे यजमान, एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर, अत्यंत शांत गृहस्थ. ते चक्कीवर तराजूपाशी बसायचे, मालिका बघत नसत, पण रोज सकाळी "कोन गेलं काल?" एवढं मात्र विचारायचे. मामी त्यांच्यावर दिवसभर करवादायच्या. मुख्य कलम छत्रीचं होतं. मामांनी कधीकाळी मलकापूरला एक छत्री विसरून ठेवली होती आणि ती अजून सापडायची होती. ज्या दिवशी मामांना खोकला असे, त्या दिवशी छत्रीवरून जास्त भांडण होई. मला वाटायचं बाई तिखट आहे. गल्लीतही सगळे तेच म्हणत.

मग मामांच्या छातीचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी संभाजीनगरला ऑपरेशन सांगितलं. निघायच्या सकाळी भाच्याची गाडी चक्कीसमोर उभी होती, सगळी गल्ली जमली होती. मामांनी गाडीत बसता बसता मामींचा हात धरला आणि म्हणाले, "तुनं लय केलं व माह्यासाठी."

मामींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मालिकेतलं कोणीही मरताना त्यांचा चेहरा मी असा पाहिला नव्हता. दुसऱ्याच क्षणी हात झटकून त्या कडाडल्या, "ते राहू द्या. छत्री कुठं टाकली ते सांगा आंधी." त्याही गाडीत बसल्या आणि गाडी वळेपर्यंत त्यांचा आवाज येत होता. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. असल्या वेळीही हिला छत्री सुचते, असं कोणीतरी पुटपुटलंच. भाच्यानं नंतर सांगितलं की भांडण थेट दवाखान्यापर्यंत चालू होतं. ऑपरेशनला आत नेताना नर्स म्हणाली, आजी, दोन शब्द प्रेमाचे बोला. मामी म्हणाल्या, "छत्री घेतल्याशिवाय घरी येऊ नका."

त्याच आठवड्यात मालिकेत थोरले आबासाहेब सगळ्यांशी गोड झाले. त्यांनी वाटण्या केल्या, भांडखोर भावाला जवळ घेतलं, सुनेकडे शिरा मागितला. चक्कीवाल्या बायकांना आता काही शिकवायला नको होतं. सगळ्यांनी आबासाहेबांवर पापड लावले. मामांची खबर घ्यायला मी फोन केला, तेव्हा मामींनी ऑपरेशन उद्या आहे एवढं सांगून विचारलं, या हप्त्यात कोणावर? मी सांगितलं.

"माहे पापड तो जगते म्हनून लाव," मामी म्हणाल्या.

मी म्हटलं, मामी, शिरासुद्धा मागितलाय त्यांनी.

"मले काय दिसत नाई का? तरी लाव."

ऑपरेशन नीट झालं. आबासाहेब मात्र शनिवारी गेले, शिरा खाऊन. मामी आयुष्यात पहिल्यांदा हरल्या आणि तेही सगळ्या गल्लीशी. त्या उन्हाळ्यात त्यांनी घरोघरी बसून पापड लाटले. कोणी राहू द्या म्हटलं तर रागवायच्या. अंगणात पसरलेल्या पापडांची कावळ्यांपासून राखण करायला शेजारी खुर्चीत मामा असायचे, अंगानं उतरलेले, डोक्यावर नवीकोरी छत्री धरून. ती मामींनी दवाखान्यासमोरून घेतली होती आणि "मलकापूरचीच हाये, सापडली" असं त्या सगळ्यांना दडपून सांगत होत्या. इतकं आनंदानं हरलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

माझी बदली झाली तेव्हा मामींनी मला फुटक्या बादलीवरून यथेच्छ झापलं. मला त्यातला अर्थ आता कळत होता, म्हणून मी रडत रडत उलट उत्तरं दिली.

गेल्या वर्षी भेटायला गेले तर मामी खाटेवर होत्या, चक्की भाच्याकडे दिलेली, चहा मामांनी केला. मामींनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुह्यासारखी पोरगी मले पाह्यजे होती." समोर भिंतीला पिठाची चाळणी टांगलेली होती, भांडायला तीच हाताशी आली. मी आवाज चढवून म्हटलं, मामी, ती चाळणी माझी आहे, खोली सोडताना तुम्ही ठेवून घेतलीत, आजच्या आज द्या. मामींनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत हसू आलं. "नाई देत," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेले ये अन् भांड."

पुढच्या खेपेला मामी नव्हत्या. मामांनी न विचारता चाळणी काढून माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, मामा, ही माझी नाहीच.

"तिले बी माहीत होतं," मामा म्हणाले. "पन पोरगी भांडायले येईन म्हने." मग त्यांच्या त्या शांत आवाजात, "तू आली, बरं वाटलं. लय चांगली हायेस तू."

मी चाळणी परत खिळ्याला टांगली. म्हटलं, जाळी पार ढिली करून ठेवलीय तुम्ही हिची, अशी कोण नेतं? नीट करून ठेवा. दिवाळीत येईन तेव्हा मला धड पाहिजे.