पुष्पलतावहिनीच्या पिशव्या

माझ्या आईच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली की ब्रह्मदेव आला तरी ती निघायची नाही. अशा बाईच्या तावडीत पुष्पलतावहिनी सापडली, आणि तीही एका रानवेलीपायी.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, वामनदादाची बायको. माहेर सावनेरचं. साल एकाहत्तर, ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि मूग-उडदाच्या भावकीवर प्रबंध लिहायची. ही दोन्ही पिकं एकमेकांची चुलत भावंडं, पान, लव, शेंग पाहून वेगळी ओळखायची. मुगाची शेंग खाली झुकते, उडदाची ताठ उभी राहते. पण सावनेरच्या बांधावर वहिनीला एक रानवेल सापडली, तिच्या शेंगा ना धड झुकत होत्या ना उभ्या राहत होत्या. म्हणजे निकाल पिकलेल्या दाण्यावर. दाण्याच्या डोळ्याभोवती, म्हणजे तो शेंगेला चिकटतो त्या खुणेभोवती, कड उठलेली असेल तर वेल उडदाची, डोळा सपाट असेल तर मुगाची. एवढ्याशा कडेवर तिचा प्रबंध अडला होता आणि प्रबंधावर नोकरी. दिवाळीपर्यंत तो दिला नाही तर तिच्या जागी दुसरं माणूस येणार होतं.

रानशेंगेची खोड अशी की पिकली की तडकते आणि दाणे उधळून देते. म्हणून वाडीतल्या आमच्या भाड्याच्या खोल्यांमागे, ट्रकच्या गोदामाच्या भिंतीलगत वहिनीनं त्या वेलीचं एक रोप आणून लावलं आणि प्रत्येक शेंगेला जुन्या लुगड्याची लहानशी पिशवी बांधली.

आईनं ते पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. सुनेनं अखेर नवस बोलला, असं तिनं धरलं.

"हे नवसाचं नाही, आई," वहिनी म्हणाली. "मले दाणे पाहायचे आहेत."

"काहून सांगून राहिली? नवस सांगत नसतात वं," आई म्हणाली. "आता कूस उजवल्याबिगर एकही गाठ सोडायची नाही."

झालं! शेजारच्या रुख्मिणीनं येऊन आपलीही एक चिंधी बांधली, मग आणखी बाया आल्या. आई वेलीपाशी खाट टाकून राखण करू लागली. दादाला सांगितलं तर म्हणतो, "आईले दुखवू नको." नेभळट कुठला. सावनेरला मी स्वतः जाऊन पाहून आले, बांधावरच्या शेंगा कधीच उधळून गेल्या होत्या. इकडे दुपारच्या उन्हात पिशव्यांमधून शेंगा तडकल्याचे आवाज यायचे. वहिनी दारात उभी राहून ऐकायची. हातभर अंतरावर तिचे दाणे होते आणि तिला गाठीला हात लावायची सोय नव्हती. तिची तगमग बघून मला आईचा संताप यायचा.

त्या महिन्यात वहिनीची पाळी लांबली. तशी ती अधूनमधून लांबायची, त्यात विशेष काही नाही हे वहिनीला आणि मला ठाऊक होतं. एका सकाळी चहा गाळता गाळता ती खालमानेनं म्हणाली, "आई, मले दिवस गेले."

आईनं नारळ फोडला, स्वतःच्या हातानं एकेक गाठ सोडली आणि सगळे दाणे वहिनीच्या ओटीत घातले. वहिनी ती ओटी सावरत कॉलेजात गेली. संध्याकाळी आली ती थेट माझ्याकडे.

"सपाट आहे वं डोळा," तिनं माझा हात घट्ट धरून सांगितलं. "मुगाची आहे. मुगाचीच." या घरात तिला इतकं खुललेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तिची पाळी आली. आता सांगणं भागच होतं. मी म्हटलं, चल, मी येते सोबत. आम्ही दोघी बाहेर आलो तर आई उंबऱ्याशी उजेडात बसलेली. तिनं त्या सगळ्या पिशव्या उसवून, धुऊन, वाळवून घेतल्या होत्या आणि तुकड्याला तुकडा जोडून बाळाचं दुपटं शिवायला घेतलं होतं.

"आली का? बस," आई म्हणाली. "मले सुईचं भोक दिसत नाही वं."

वहिनी खाली बसली आणि तिनं सुईत दोरा ओवून दिला.