पाठीवरचा खो

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमचा बाबा म्हणाला, यंदाची परीक्षा महत्त्वाची आहे, म्हणून दोघांचा फुटबॉल तात्पुरता बंद केला आहे. तुम्ही मागे सोफ्यावर अगदी शांत बसला होतात. मी तेव्हा काही बोलले नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही. लिहिलं की विचारांना क्रम लागतो. म्हणून तुमच्या आतेबहिणीच्या पाचवीच्या वर्षाबद्दल लिहिते आहे. अवघड वाटलं तर बाबाकडून वाचून घ्या, म्हणजे तोही वाचेल.

पाचवीत आपल्याकडे स्कॉलरशिपची परीक्षा असते. ती द्यायलाच हवी अशी सक्ती नाही, पण ज्या घरात ती द्यायची ठरते तिथे जूनपासूनच मुलांचा खेळ थांबतो. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. 'स्कॉलरशिपचं वर्ष आहे' एवढं म्हटलं की शेजारीही आवाज कमी करतात. तुमच्या आत्यानेही तेच केलं. ही मुलगी तिसरीपासून शाळेच्या मैदानावर खो-खो खेळायची. तिचे बूट माळ्यावर गेले.

दिवाळीनंतर आत्याने मला डोंबिवलीहून बाळकुमला तिच्या घरी बोलावून घेतलं. "आई, तू शिकवलंस तर बसेल ती. माझ्याकडे नुसती रडते." मी जन्मभर शाळेत इंग्रजी आणि गणित शिकवलं. दुसऱ्याच दिवशी वेळापत्रक करून तिच्या टेबलासमोर लावलं.

ती बसायची. हट्ट नाही, कुरकुर नाही. पण उतारा वाचून झाला की पहिल्याच प्रश्नाला माझ्याकडे बघत राहायची.

"अगं, आत्ताच वाचलंस ना?"

"वाचलं ना, आजी. पण राहिलं नाही."

संध्याकाळी डोकं दुखायचं. डोळे तपासून झाले, ते ठीक होते. मग मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, "खेळते काय?" आत्या म्हणाली, "यंदा काही नाही." बाई म्हणाल्या, "हिला आता अकरावं लागलंय. या वयात मेंदू स्वतःला नव्याने लावून घेत असतो. ज्या वाटा वापरात आहेत त्या पक्क्या करतो, बाकीच्या सोडून देतो. पळणं, हुलकावणी देणं, क्षणात ठरवणं, हेही डोक्याचंच काम आहे. लक्ष लागायला त्याची मदतच होते. तिला रोज दमू द्या."

आत्याने सगळं मान डोलावून ऐकलं. परतताना तिने नवा टेबललॅम्प घेतला आणि औषधाच्या दुकानातून ब्राह्मीचं सरबत.

मला हसू आलं नाही. काळजीत असलेलं माणूस स्वतःला जे करता येईल तेच ऐकतं. खरी भीती वेगळी होती. डोंबिवलीच्या दोन खोल्यांतून आत्या अभ्यासाच्या जोरावरच बाहेर पडली होती. तिला दुसरी वाट माहीतच नव्हती. आणि मुलगी तर दिवसेंदिवस मंद होत चालली होती. मंद हा शब्द आत्याने तोंडातून काढला नाही, पण तो आम्हा दोघींच्या मनात होता.

एका संध्याकाळी मी तिला मेथी आणायला बरोबर घेतलं. दुपारभर ती पाण्याच्या टाकीच्या एका गणितावर अडकली होती. जाताना शाळेचं मैदान लागतं. कुंपणापाशी तिचा पाय थबकला. आत खो-खोचा सराव चालला होता. तिथली एक मुलगी, जुन्या बाळकुम गावातली, धावता धावता ओरडली, "ए स्कॉलर, आम्हाला ओळखतेस ना? का आता तुला भेटायला पास काढायला लागेल?"

सगळ्या हसल्या. ही हसली नाही आणि चिडलीही नाही. मी तिचा हात धरून पुढे निघाले. आम्ही भरभर चाललो, कारण मला तिला तिथून न्यायचं होतं. भाजीवालीपाशी पोचलो तेव्हा तिला धाप लागली होती.

"आजी, ते टाकीचं चुकलंय माझं. दुसरा नळ पाणी काढतो. मी त्यालाही भरायला लावलं."

मी मेथीची जुडी हातात धरून उभी राहिले. तिने चूक बरोबर पकडली होती.

रात्री जेवताना आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "एका गणितावरून काय ठरवायचं, आई? परीक्षेला हिला पळत पळत पेपर लिहू देणारेत का?"

"तसं नाही म्हणत मी."

"आणि तिचं वय बघ. आत्ता बसायची सवय नाही लागली तर पुढे कधी लागणार?" मग लेकीकडे वळून, जरा मऊ आवाजात तिने विचारलं, "बाळा, तू बसतेस, मला दिसतं. मग होतं काय नेमकं?"

ती भाताशी चाळा करत होती. म्हणाली, "मी बसलेयच गं, मम्मा. कुणी खो देतच नाही."

तुम्ही खो-खो पाहिलेला नाही, म्हणून सांगते. पाठलाग करणाऱ्या संघातल्या मुली एका ओळीत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. धावणारी मैत्रीण मागून येऊन पाठीला हात लावते आणि 'खो' म्हणते. तोवर उठायचं नाही. पण ते बसणं झोपेतलं नसतं. सगळं अंग, कान, डोळे त्या एका स्पर्शाची वाट बघत असतात. मिळाला की त्याच क्षणी दिशा ठरवायची आणि पळत सुटायचं. एकदा धरलेली दिशा मध्येच बदलता येत नाही.

आत्या उठली. ताटं उचलून आत गेली. बराच वेळ नळ वाहत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वेळापत्रकाप्रमाणे उतारा काढला. मुलगी नव्या दिव्याखाली मान घालून बसली होती. आत्याचं ऑफिसचं काम घरूनच चालतं. ती हेडफोन गळ्यात तसाच ठेवून खोलीत आली. माझ्याकडे पाहिलं नाही. लेकीच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, तळहात टेकवला आणि हलकेच म्हणाली, "खो."

मुलीला पहिल्यांदा कळलंच नाही. मग ती उठली. खुर्ची पडली. आत्या स्टुलावर चढून माळ्यावरचे बूट काढत होती. ते घट्ट झाले होते. पाच महिन्यांत पाय वाढला होता आणि आमच्या लक्षातही आलं नव्हतं. मुलगी अनवाणीच मैदानावर गेली.

त्या दिवशी ती लगेच बाद झाली. सवय गेली होती. गुडघा खरचटून घरी आली, हातपाय धुतले आणि दिवा लावून बसली. उतारा वाचताना मध्ये एकदा ती थांबली. मला वाटलं, गेलं लक्ष. पण तिला एक शब्द अडला होता, तो तिने विचारला.

आत्या दारात उभी होती. ती वेळापत्रकापाशी गेली आणि संध्याकाळच्या चौकटीतला माझा उतारा तिने पेनाने खोडला. तिथे काही लिहिलं नाही.