कॉफीच्या मशीनची सुट्टी

चहा घ्या, सांगतो. फक्त मध्येच हसू नका. मी आधीच लाजरा, गोष्ट अर्धी राहील. एकदा माझ्यापायी मोठमोठ्या पगाराच्या माणसांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी केलं काय, तर एक प्लग काढला.

आमचं घर म्हैसूरच्या शिंप्यांचं. आठवीत शाळा सोडली, शिलाईत मन लागेना, म्हणून एका मोठ्या कॉम्प्युटर कंपनीच्या पँट्रीत लागलो. ठेकेदाराकडून. पहिल्याच दिवशी एका मॅडमनी सांगितलं, "इथे कोणी नोकर नाही. आपण एक कुटुंब आहोत. घरचं समजून काम करा." बाकीची मंडळी जांभया देत होती. मी मात्र ते खरं धरलं.

आमचे सुपरवायझर मंजण्णा मला 'मगा' म्हणायचे, म्हणजे पोरा. ते म्हणाले, "दसऱ्यानंतर एकाला कंपनी कायम करणार. तुझं नाव दिलंय. तोवर सुम्ने गप्प राहून काम कर, मगा." आईने तर गल्लीत सांगूनही टाकलं.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी आली आयुधपूजा. सगळ्या म्हैसूरला सुट्टी, आमच्या मजल्याला नाही. आमचं काम अमेरिकेचं, आणि तिथे आयुधपूजा नसते ना. घरी त्या दिवशी शिलाई मशीन पुसून, कुंकू लावून झाकून ठेवतात. दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हात लावत नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूला तेवढीच विश्रांती.

आता तुम्हीच सांगा, माझं आयुध कोणतं? कॉफीचं मशीन. सकाळी लवकर जाऊन ते लख्ख पुसलं. कंपनीच्या वस्तूला डाग नको म्हणून कुंकू मागच्या बाजूला लावलं. प्लग काढला, मशीनवर पांढरं धोतर पांघरलं आणि हात जोडले.

पहिल्या आल्या पुण्याच्या अनघा मॅडम. "नामू, कॉफी दे रे."

"आज नाही, मॅडम. बंद ठेवलंय."

"कोणी?"

'मी' म्हणायचं होतं. पण मॅडम लोकांनी काही विचारलं की माझी मान आपोआप खाली जाते. तशी ती खाली गेली.

अनघा मॅडमचा चेहरा उतरला. शेजारच्याला हळूच म्हणाल्या, "माझ्या जुन्या कंपनीत असंच झालं होतं. आधी बिस्किटं गेली, मग कॉफी, मग माणसं."

झालं. दुपारपर्यंत जिन्यात, लिफ्टपाशी घोळकेच घोळके. एकाने टेबलावरचा बायकोचा फोटो पिशवीत भरला. दुसऱ्याने मला कोपऱ्यात गाठलं, "तू मीटिंगमध्ये पाणी घेऊन जातोस. खरं सांग, किती जण जाणार?"

"मला काहीच माहीत नाही, सर."

"बघा," तो मागे वळून म्हणाला, "त्यालाही बोलायची बंदी आहे."

शेवटी वरच्या मजल्यावरून बडे साहेब उतरले. सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "आपण एक कुटुंब आहोत. इथून एकही माणूस जाणार नाही, हा माझा शब्द." टाळ्या पडल्या. मग त्यांनी विचारलं, "पण कॉफी बंद केली कोणी?"

मी शाळेतल्यासारखा हात वर केला आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. काय हसले सगळे. साहेबही हसले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "किती साधा मुलगा आहे आपला."

साहेब लिफ्टमध्ये गेले आणि थोड्याच वेळात मंजण्णा आले. "मगा, गेटचं कार्ड दे."

"अण्णा, एकही माणूस जाणार नाही म्हणाले ना साहेब?"

"ते त्यांच्या माणसांना, मगा. तू ठेकेदाराचा ना, अल्वा?"

आता मामाच्या दुकानात शर्टांना काजं करतो, बरं चाललंय. नोकरी गेल्याचं आता काही वाटत नाही. लाज वाटते ती एवढ्याचीच, की साहेबांनी शब्द दिला तेव्हा बाकीचे अजून एकमेकांची तोंडं बघत होते, आणि पहिली टाळी मी वाजवली होती.