सामानासकट माहेरी

पॅकर्स-मूव्हर्सच्या माणसानं फोनवर विचारलं, "मॅडम, शिफ्टिंग कायमचं आहे की तात्पुरतं?" नाशिकचा फ्लॅट विकून झाला होता, दोघांच्याही नोकऱ्या संपल्या होत्या, मुलगा दूर देशी रमला होता. तरी "कायमचं" एवढा शब्द माझ्या तोंडून निघेना. सामान जाणार होतं रोहिणखेडला, म्हणजे माझ्या माहेरी. माहेरी कुणी कायमचं जातं का?

शेजारी बसलेला नवरा फोनमध्ये तोंड घालून म्हणाला, "कायमचं लिहा. आणि सोबत एक घरजावई आहे. फुटणारा माल आहे, जपून बांधा."

त्याला सगळ्याचा विनोद सुचतो. पण सत्तरीला टेकूनही बायकोच्या गावी राहायला तयार झाला, तोही तोच. चार दिवस त्यानं मला ती म्हण ऐकवली, "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई," आणि पाचव्या दिवशी सामान हलवणारी कंपनी स्वतःच शोधून काढली.

लग्न झाल्यापासून मी रोहिणखेडला गेले ती एका रिकाम्या पिशवीनिशी. लेक माहेरी रिकामी जाते आणि भरून येते. मलकापूरहून येताना जुनी दगडी मशीद दिसली की मी पिशवी मांडीवर घ्यायची. लोक ती मशीद बघायला लांबून येतात, फोटो काढतात. मला ती म्हणजे घर आल्याची खूण. मग तीनचार दिवस. मग वहिनी सुपात गहू घ्यायची, वर नारळ, खण, हळकुंड, आणि मी पदर पसरायची. आई होती तेव्हा आई भरायची, आई गेल्यावर वहिनीनं एकदाही चुकवलं नाही. ओटीतले चार दाणे परत सुपात टाकायचे, म्हणजे पुन्हा येणं होतं. पिशवीत तूरडाळ, कुरडया, मिरच्या. स्टँडवर गल्लीतल्या पाचसहा बायका सोडायला यायच्या आणि गाडी हलली की सगळ्या एकदम विचारायच्या, "आता कवा येशीन?"

मी खिडकीतून हात हलवायची आणि मला रडू यायचं. म्हातारी होईपर्यंत यायचं. माझी एकच इच्छा होती, एकदा तरी मला इथून कुणी निरोप देऊ नये. एकदा तरी ती गाडी माझ्याशिवाय जावी.

त्यातच भावाचा फोन आला. त्याच्या घरामागच्या दोन खोल्यांतले भाडेकरू मास्तर बदली होऊन गेले होते. "खोल्या रिकाम्या पडून राह्यल्या," तो म्हणाला. "येत असशीन तं ये राह्याले." त्यानं ते पाण्याची मोटर बिघडल्याचं सांगावं तसं सांगितलं, आणि मी फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले.

कंपनीची माणसं आली आणि अर्ध्या दिवसात घर खोक्यांत गेलं. कुरडयांचे रिकामे डबेसुद्धा त्यांनी कागदात गुंडाळले. "काकू, यात काहीच नाही," एकजण म्हणाला. मी म्हटलं, "बांध. ते तिकडूनच आलेत." लग्नात मिळालेली, नाव घातलेली पितळी भांडी निघाली. तीही मलकापूरच्या बाजारातली. माहेरानं वर्षानुवर्षं थोडं थोडं करून दिलेलं मी एका ट्रकात घालून परत न्यायला निघाले होते.

न्यायला भाऊ आला होता. या वयात मुराळी! नवरा किल्ल्या द्यायला मागं थांबला. तो दुसऱ्या दिवशी रेल्वेनं येणार होता. ही साधी गोष्ट भावानं गावात कुणाला सांगितली नाही. आम्ही येणार हेच मुळी सांगितलं नव्हतं. त्याचं म्हणणं, आली की दिसतेच.

आणि दिसलीच. ट्रक गल्लीत शिरेना म्हणून स्टँडवर उभा राहिला. भाऊ तिथं सामान उतरवून घेत होता. मी एकटी पुढं घराकडे निघाले. माझ्या मागून हमाल, आणि सगळ्यांत पुढच्या दोघांच्या हातात नवऱ्याची आरामखुर्ची, पांढऱ्या फोममध्ये नखशिखांत गुंडाळलेली.

गल्लीतल्या बायका दारात आल्या. त्यांनी मला पाहिलं, सामान पाहिलं, माझ्यासोबत कुणी नाही हे पाहिलं. शेजारची म्हातारी काकू, जिनं मला परकरात पाहिलं आहे, ती धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. "काऊन व माय! असं कसं झालं! कोनं सांगतलंबी नाही!"

मला वाटलं, मायेनं रडते आहे. माझाही बांध फुटला. इतक्या वर्षांनी राहायला आले होते मी! आम्ही दोघी भर गल्लीत गळ्यात गळा घालून रडलो, आणि ज्यांना शंका होती त्यांचीही फिटली.

संध्याकाळी तीन घरांतून पिठलं-भाकरी आली. माझा ऊर भरून आला. केवढं हे स्वागत! वहिनी मात्र टोपल्यांकडे बघतच राहिली. मग तोंडावर पदर धरून म्हणाली, "ताई, हे सुतकाच्या घरी पाठवतेत तसं जेवन हाये. लोकायनं भाऊजींले मारून टाकलं वाटते!" भाऊ म्हणाला, "राहू दे, उद्या आले की दिसतेतच."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचे हे भाऊजी ऑटोतून उतरले. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिच्या हातातलं ताट कलंडलं. "अवं माय! जावईबापू तं जित्ते हायेत!"

वहिनीनं दारातच सगळं कानावर घातलं. ऐकून घेऊन नवरा म्हणाला, "काकू, पिठलं उरलंय का?"

गल्ली आठवडाभर हसली. पण त्या दिवशी हसून झाल्यावर काकूनं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "मंग सामान घेऊन काऊन आली, बाई?" मी म्हटलं, "राह्याले." तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला नाही. तिच्या हिशेबी लेक माहेरी सामानासकट येते ती काहीतरी मोडल्यावरच. मला राग आला. मग रात्री अंथरुणावर वाटलं, तिचं काय चुकलं? मलाही फोनवर "कायमचं" म्हणता आलं नव्हतं.

ते उन्हाळ्यात. पुढे मी गावातली झाले. वहिनीशी पाण्यावरून माझी एकदा चांगलीच जुंपली, पाहुणी असते तर जुंपली नसती. नवरा पारावर बसायला लागला, त्याला आता जावईबापू म्हणायचंही लोक विसरतात. मशीद रोज दिसते. मांडीवर घ्यायला पिशवी नसते.

दिवाळीला भाची आली, वहिनीची लेक. भाऊबीज झाली आणि तिचा जायचा दिवस आला. वहिनीनं सुपात गहू घेतले, नारळ ठेवला, खण ठेवला. पोरीनं पदर पसरला, चार दाणे परत टाकले. तिचे डोळे भरले होते. आम्ही सगळ्या स्टँडवर गेलो. गाडी हलली आणि पाचसहा जणी एकदम ओरडल्या, "आता कवा येशीन?" त्यात माझाही आवाज होता. गाडी माझ्याशिवाय गेली.

घरी आलो. वहिनीनं सुपात राहिलेले गहू डब्यात ओतायला सूप उचललं आणि माझ्यासमोरून वळली. माझे हात आपोआप पुढे झाले. मी पदर पसरून उभी होते.

वहिनीला हसू आवरेना. "तुमाले काऊन, ताई? तुमी कुठी चालल्या?"

याच बोलण्यासाठी मी आयुष्यभर झुरले होते. ते ऐकायला मिळालं, आणि आता कवा येशीन हे मला या गावात पुन्हा कुणी विचारणार नाही, हे तेव्हाच कळलं.

"कुठंच नाही," मी म्हटलं. पदर मात्र सोडवेना.